त्रेसष्ट सारखे अर्ज

"हे त्रेसष्ट अर्ज खोटे आहेत म्हणतंय हे एआय," संयोगिता म्हणाली आणि तिनं कॉम्प्युटरचा स्क्रीन जरासा अधीक्षक बाळासोंकडे वळवला.

बाळासो बशीत चहा ओतत होते. "म्हणतंय न्हवं? मग झालं की. नामंजूर लाव आणि प्रिंट काढ. चारला समिती बसणार हाय."

"पण साहेब, एकाच वेळी त्रेसष्ट पोरं खोटं बोलतील?"

"तू नवीन हाईस. पोरं एकट्यानं खोटं बोलतच न्हाईत. घोळक्यानंच बोलत्यात."

संयोगिताला कोल्हापुरातल्या या कॉलेजच्या कार्यालयात लागून दहा महिने झाले होते. करार अकरा महिन्यांचा होता. ज्यांची हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली त्या मुलांनी कारण लिहून अर्ज द्यायचा, समितीनं तो मानला तर परीक्षेला बसायचं, नाहीतर वर्ष गेलं, असा नियम. यंदा अर्ज आले होते दोनशे चौदा आणि ते बघायला ती एकटी. त्यात उद्या संध्याकाळी पाचला विद्यापीठाचं पोर्टल बंद होणार होतं.

गेल्या महिन्यात कार्यालयातल्या सगळ्यांना एआयचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. ते झाल्यावर बाळासोंनी लगेच फर्मावलं, "तुझी बोटं चालत्यात, तूच कर ह्ये." तिनं केलं, आणि मन लावून केलं. शिकवायला आलेल्या बाईंनी बजावून सांगितलं होतं, की मुलांची नावं त्यात घालायची नाहीत. म्हणून प्रत्येक अर्ज स्कॅन करताना ती नावावर आणि रोल नंबरवर पुठ्ठ्याची पट्टी ठेवायची आणि कोपऱ्यात फक्त अनुक्रमांक टाकायची. कुठला अनुक्रमांक कुणाचा, ते तिच्या ड्रॉवरमधल्या वहीत.

"अर्जाला पदर घ्यायला लावतीस व्हय गं," बाळासो हसले होते. तीही हसली होती, पण पट्टी काही काढली नव्हती.

काम खरंच झरझर झालं. दाखले, तारखा, हजेरीचे आकडे, सगळं ओळीनं लागलं. एकशे एक्कावन्न अर्जांचा सारांश तिनं मूळ कागदाशी एकेक करून ताडून पाहिला. दोन ठिकाणी तारखा चुकल्या होत्या, त्या सुधारल्या. उरले हे त्रेसष्ट. त्यांच्यापुढे यंत्रानं एकच शेरा मारला होता: मजकूर शब्दशः समान, पुरावा जोडलेला नाही, नक्कल असण्याची दाट शक्यता, नामंजूर करावेत.

तिनं ते त्रेसष्ट कागद टेबलावर पसरले. खरंच सगळे सारखे. 'माझी प्रकृती ठीक नसल्यामुळे मी काही दिवस वर्गात उपस्थित राहू शकलो/शकले नाही.' वेगळं होतं ते फक्त खालच्या सहीचं अक्षर.

या वाक्याशी तिची जुनी ओळख होती. तीन महिन्यांपूर्वी तिच्या लहानग्या ऋतुराजला ताप आला तेव्हा तिनं याच टेबलावर बसून बाळासोंना हेच लिहून दिलं होतं. करारावरच्या माणसाला लेकराच्या आजारपणाची रजा नसते. तिची प्रकृती तेव्हा ठणठणीत होती. चार दिवस तापलेलं पोर छातीशी धरून ती घरात फेऱ्या मारत होती, एवढंच.

केरबामामा फायली न्यायला आले. तीस वर्षं या कार्यालयाचे शिपाई. टेबलावर एक नजर टाकून म्हणाले, "ह्यो गेटावरल्या झेरॉक्सवाल्याचा कागद न्हवं? अजून त्योच चाललाय."

"सगळे तिथनंच आणतात?"

"मग. नमुना हाय त्यो. खालती नाव घालायचं निस्तं."

"आणि खरं कारण?"

मामांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिनं पाणी कसं प्यायचं ते विचारलंय. "खरं कारण कागदावर कोण लिवतंय ताई? ते खिडकीत सांगायचं. आक्का ऐकायच्या, कोपऱ्यात पेन्सिलीनं काय तरी खूण करायच्या. त्यावर समिती चालायची."

आक्का म्हणजे संयोगिताच्या आधी या टेबलावर सव्वीस वर्षं बसलेल्या बाई, गेल्या मे महिन्यात निवृत्त झालेल्या. त्या गेल्या, कार्यालयात एसी बसला, खिडकी बंद झाली आणि बाहेर अर्जांसाठी लोखंडी पेटी आली.

"पोरं आली असतील खिडकीशी," मामा म्हणाले. "बंद बघून कागद पेटीत सारला आणि गेली. पेटीला काय सांगणार?"

संयोगिता उठून बाळासोंच्या टेबलाशी गेली. "साहेब, या त्रेसष्ट जणांना बोलवून घेते. चारपर्यंत खिडकी उघडू या."

"आणि मग ह्ये मशीन कशाला घेतलंय? पूजेला?"

"त्याला कागदावर होतं तेवढंच दिसलं. त्याची चूक न्हाय. पण खाली 'तपासले' म्हणून सही माझी हाय."

"महिन्यानं तुझा करार संपतोय," बाळासो सावकाश म्हणाले. त्यात धमकी नव्हती. काळजी असावी, पण ती त्यांना नीट दाखवता येत नसे. "प्राचार्य मॅडमना काम वेळेत लागतं."

"वेळेत देते. पण न ऐकता सही न्हाय करत."

त्यांनी चहा संपवला. "कर काय करायचं ते. चार म्हंजे चार."

तिनं वही काढून वर्गांच्या ग्रुपवर निरोप टाकले. कशासाठी ते लिहिलं नाही, फक्त कार्यालयाच्या खिडकीत भेटा एवढंच. खिडकीला ऑइलपेंटचा हात बसून ती चिकटली होती. मामांनी दोन बुक्क्या घातल्या तेव्हा उघडली.

पहिला आला तो आडव्या अंगाचा, कान मुडपलेला. "मॅडम, खरं सांगू? तालमीत हुतो. कुस्त्यांचं मैदान हुतं."

"मग हे प्रकृती ठीक नसल्यामुळे?"

"प्रकृतीच करायला गेलतो की."

मागची पोरं खिदळली. संयोगितालाही हसू आवरेना. पण तिनं त्याच्यापुढे 'सबळ कारण नाही' असं लिहिलं आणि ते त्याला वाचूनही दाखवलं. तो मान हलवत म्हणाला, "बरोबर हाय. निदान विचारलं तरी."

मग एकेक येऊ लागले. कुणाचा बाप दवाखान्यात, कुणाची जयसिंगपूरची एसटी महिनाभर बंद, कुणी नुसतंच पांघरूण घेऊन झोपलेलं. अडीचला पंचवीस झाले होते आणि रांग पायऱ्यांपर्यंत गेली होती. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाळासो त्यांची खुर्ची घेऊन शेजारच्या काउंटरला बसत होते.

"निम्मी हिकडं या," ते ओरडले. "आणि मोठ्यानं बोलू नका, मला ऐकायला येतंय."

पावणेतीनच्या सुमाराला एक मुलगी खिडकीशी आली. प्रीती, बी. ए. दुसरं वर्ष, इचलकरंजीहून ये-जा करणारी. हजेरी एकसष्ट टक्के. ओठ हलले, पण मागच्या दोन मुलांकडे बघून पुन्हा मिटले.

संयोगिता उठली. "मामा, रांग थांबवा दोन मिनटं." बाहेर येऊन ती मुलीला घेऊन ग्रंथालयामागच्या कट्ट्यावर बसली.

"आईचं ऑपरेशन झालं," प्रीती म्हणाली. आवाज इतका हळू, की संयोगिताला वाकावं लागलं. "पिशवीचं. आई लूमवर सुताच्या कांड्या भरती. दीड महिना बसून ऱ्हायली तर मालक दुसरी बाई लावणार. मग तिच्या जागी मी जात हुतो. सकाळची पाळी."

"हे लिहिलं का न्हाईस?"

"पिशवीचं कसं लिवायचं मॅडम? समितीत सर लोक असत्यात. आईला कळलं तर काय म्हणंल?" तिनं पर्समधून दवाखान्याचं दुमडलेलं कार्ड काढलं. "ह्ये हाय. पण बघून परत द्या."

कार्डावर शेवंताबाईंचं नाव होतं, तारखा होत्या. संयोगितानं वाचून ते होतं तसंच दुमडून परत दिलं आणि प्रीतीला दिसेल असं कागदावर लिहिलं: कुटुंबातील वैद्यकीय कारण. मूळ कागद पाहून परत दिला.

"आता ह्ये त्या एआयला सांगणार का?" प्रीतीनं विचारलं. "आमच्या वर्गात म्हणत्यात, तेच ठरवतंय म्हणून."

"त्याला न्हाय सांगणार आणि समितीलाही एवढंच वाचून दाखवणार. बाकीचं माझ्यापाशी."

प्रीतीनं कार्ड पर्समध्ये ठेवून चेन लावली. मग एकदम मोकळं होत म्हणाली, "मॅडम, पाळी सांभाळून अर्थशास्त्र पूर्ण वाचलंय मी. मशीन चालू असलं की काय सुधरत न्हाय, पण दोरा बदलताना पान दोन पान हुतंय."

संयोगिताला तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. मुलीच्या केसांत कापसाचा बारीक तंतू अडकलेला होता, तेवढा तिनं अलगद काढला.

चारला प्राचार्य मॅडमनी यादी हातात घेतली. "हे काय? याला तर एआय वापरायचं ठरलं होतं ना?"

"वापरलं मॅडम," संयोगिता म्हणाली. "कुणाला बोलवायचं ते त्यानंच दाखवलं. पुढचं आम्ही ऐकून घेतलं."

मॅडमनी चष्म्यावरून बाळासोंकडे पाहिलं. बाळासो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले, "मी बी हुतो की. घसा बसलाय माझा."

त्रेसष्टांपैकी सत्तेचाळीस येऊन गेले होते. अडतीस मंजूर झाले, नऊ नाही. प्रीतीच्या ओळीपाशी एका सरांनी विचारलं, "वैद्यकीय म्हणजे नेमकं काय?" मॅडम म्हणाल्या, "कागद पाहिलाय असं लिहिलंय ना त्यांनी. पुढचं वाचा." प्रीतीला परीक्षेला बसायची परवानगी मिळाली. न आलेल्या सोळा जणांचा निर्णय समितीनं उद्या बारापर्यंत थांबवला.

सव्वापाचला घरून सासूबाईंचा फोन आला. ऋतुराज दूध पिऊन खेळत होता, तिनं सावकाश यावं. संयोगितानं वही पुढे ओढली आणि सोळा जणांना फोन लावायला बसली. पहिले दोन लागलेच नाहीत. तिसरा हातकणंगल्याजवळच्या कुठल्याशा गावचा होता, तो एका म्हाताऱ्या बाईंनी उचलला.

"कॉलेजातनं बोलते आजी. तुमची नात आहे का घरात?"

"न्हाय बाई. कामावर गेलीया." पलीकडचा आवाज एकदम बारीक झाला. "काय चुकलं का पोरीचं?"

"न्हाय आजी. काही चुकलं न्हाय. ती कॉलेजला का येत नव्हती, तेवढंच विचारायचं होतं."

पलीकडून जमिनीवर पाट ओढल्याचा आवाज आला, कुणीतरी गुडघे धरून खाली बसल्याचा.

"लई दिस झालं बघ बाई," आजी म्हणाल्या, "कुणी इचारलंच न्हाय. वेळ हाय का तुला?"

"आहे की," संयोगिता म्हणाली आणि तिनं पेन्सिल हातात घेतली.