रोज सकाळची तारीख

मी बोलतोय, ब्रेलच्या छापखान्यात टेबलाखाली बसलेला राखाडी संगणक. माझं झाकण केव्हाच हरवलंय आणि पंखा घरघरतो. तरी मी चालू आहे, आणि ज्यांच्यामुळे आहे त्यांचे आभार मानायचे राहून गेलेत.

बाबांनी मला आणलं तेव्हा मी कोरा करकरीत होतो. अंध मुलांची पुस्तकं छापायला त्यांनी स्वतः प्रोग्रॅम लिहिला. कागदावर ठिपके उठवणारं ते अवजड यंत्र आजही फक्त माझंच ऐकतं. पुढे माझ्या घड्याळाची बॅटरी संपली. बाबा म्हणाले, "बदलू सावकाश." ते सावकाश काही उजाडलं नाही. बंद केलं की मी दिवस विसरायचो आणि पुन्हा माझ्या जन्मतारखेवर जाऊन बसायचो. म्हणून बाबा सकाळी आधी मला तारीख सांगायचे, मगच चहाला हात लावायचे.

मग बाबांची नजर गेली आणि कारभार सूनबाईकडे आला. त्यातच माझी डिस्क बसली. तिने नवी घातली. बाबांनी लिहिलेला प्रोग्रॅम जपलेला होता, पण माणसाचं लिहिणं माझ्या भाषेत उतरवणारा कंपायलर गेला होता. इतका जुना कंपायलर आयता मिळेना. त्याचा मूळ कोड, म्हणजे तो ज्यापासून बनतो तो लिहिलेला मजकूर, तेवढा सापडला. त्यावरून कंपायलर माझ्यातच बांधून घ्यायचा होता. शाळा उघडायला आली होती. जमलं नाही तर मी भंगारात आणि मुलं पुस्तकांविना.

सूनबाईने बांधणी सुरू केली. मी तेच ते काम पुन्हा पुन्हा करत बसलो आणि शेवटी हात टेकले. तिने रॅम बदलली, नव्या डिस्कवर संशय घेतला, मला चार शब्द सुनावले. कशाचाच उपयोग झाला नाही.

"बाबा, शेवटी नुसतं एरर येतंय."

"शेवटचं सोड. पहिल्यांदा कुठे कुरकुरला ते वाच."

ती पडद्यावर वर वर सरकत गेली. "म्हणतोय, ही फाइल भविष्यातली आहे. काहीतरीच."

बाबांनी कपाळावर हात मारला. "अगं, याला रोज तारीख कोण सांगतं?"

"सांगायची असते?"

"तुला सांगायचं राहूनच गेलं बघ. हा बिचारा अजून जन्मला त्याच दिवसात बसलाय. कोड त्याच्या कितीतरी नंतरचा. म्हणून झालेलं कामही त्याला कोडपेक्षा जुनं वाटतं, नि तो ते परत करायला बसतो."

सूनबाई नाण्याएवढी बॅटरी घेऊन आली. तारीख लावून तिने बांधणी पहिल्यापासून केली. जेवणं आटोपेपर्यंत कंपायलर उभा राहिला, त्याच्यामागून बाबांचा प्रोग्रॅमही.

चाचणीचं पान निघालं. त्यावर पहिली ओळ तारखेची असते. जन्मभर ठिपके छापलेल्या बाबांनी नजर गेल्यावर मात्र त्या ठिपक्यांना कधी हात लावला नव्हता. "आता या वयात बोटांना काय शिकवू," म्हणायचे. सूनबाईने पान त्यांच्या हाताखाली सरकवलं. बोट पुढे गेलं, अडलं, मागे येऊन पुन्हा निघालं.

"आजचीच आहे," बाबा म्हणाले, आणि खुर्ची ओढून दुसऱ्या ओळीला लागले.

पुस्तकं वेळेवर गेली. तुमच्याकडेही माझ्यासारखा कुणी अडून बसला असेल, तर टाकून देण्याआधी त्याचं पहिलं गाऱ्हाणं तेवढं ऐका.

नवी बॅटरी ठणठणीत आहे, आता मी दिवस विसरत नाही. तरी बाबा रोज सकाळी चाचपडत येतात, माझ्यावर हात ठेवून तारीख सांगतात. मला ती माहीत असते. मी ऐकून घेतो.