गायरानातली तूर

जळकोटच्या पुढं माळावर पारध्यांची वस्ती आहे. नवरा गेल्यावर हरणाबाई काळे तिथला गायरानाचा एक तुकडा कसत होती. दगड वेचून तिनंच तो पेरण्याजोगा केलेला. त्या दिवाळीत तूर शेंगांवर आली आणि गावातला बालाजी ट्रॅक्टर घेऊन आला. त्याला ती जागा खडी क्रशरसाठी हवी होती. सोबत काठ्या घेतलेले चौघं होते.

हरणाबाई ट्रॅक्टरला आडवी झाली. बालाजीनं तिच्या झिंज्या धरून तिला बांधापर्यंत फरपटत नेलं. पहिली काठी खांद्यावर बसली, दुसरी कोपरावर. हाड मोडलेलं तिला ऐकू आलं. तिची मुलगी श्रीदेवी कॉलेजच्या सुट्टीला घरी आली होती. ती धावली, तशी एकानं तिला मागून कवटाळलं आणि कुडता टरकावला. श्रीदेवीनं त्याच्या मनगटात दात रुतवले, तोंडात रक्त आलं तरी सोडलं नाही. मग हाताला लागलेल्या दगडानं त्याचं नाक फोडलं. तोवर ट्रॅक्टरमागच्या रोटाव्हेटरनं तूर मातीत घातली होती आणि बाकीच्यांनी हरणाबाईचं खोपट पेटवलं होतं.

ठाण्यात अंमलदारानं आधी नाक कुणी फोडलं ते विचारलं. उलटा गुन्हा तुमच्यावरच लागेल, मिटवून घ्या, असं म्हणाला. सोबत आलेली वस्तीतली माणसं माघारी फिरली. ठाण्यात त्यांनी आजवर मारच खाल्ला होता. हरणाबाई लोंबता हात धरून फरशीवर बसली.

"साहेब, आजवर तुमी आमाला धरून आणलं. आज म्या माझ्या पायानं आलेय. ॲट्रॉसिटी लावल्याबिगर उठायची न्हाय."

आईचं लुगडं गुंडाळलेल्या श्रीदेवीनं फाटका कुडता टेबलावर ठेवला आणि पाचही नावं सांगितली. अंधार पडता पडता गुन्हा नोंदला गेला.

बालाजी जामिनावर सुटला, तसे वस्तीवर दगड पडू लागले. एका दगडानं हरणाबाईचं कपाळ फुटलं. भाऊबंद तक्रार मागं घे म्हणाले. तिनं घेतली नाही. धाराशिवच्या कोर्टात बालाजीच्या वकिलानं श्रीदेवीला जातीवरून डिवचलं. तरी तिनं बालाजीकडं बोट दाखवलं.

बालाजीसह तिघांना शिक्षा झाली, दोघं सुटले. सुटलेले अजून वस्तीवरून मुद्दाम मोटारसायकली नेतात. हरणाबाईचा कोपर वाकडाच बसला. गायरान तिच्या नावावर झालेलं नाही, पण तिथं पुन्हा ट्रॅक्टर घालायला कुणी आलेलं नाही.