टोकाआधी चोवीस अंश

२४

पिस्टन वर जातो, खाली येतो. वर बंद, खाली बंद. त्याचं सगळं जग चार बोटांचं.

ठिणगी पिस्टन वरच्या टोकाला पोचल्यावर पडत नाही, थोडी आधी पडते, कारण पेट्रोलला पेटायला वेळ लागतो. किती आधी, ते अंशांत मोजतात. आमच्या चारचाकी बाईकचं टू-स्ट्रोक इंजिन कंपनीतून वीस अंशांवर आलं. दादाला चोवीस लागतात. ठिणगी आधी पाडली की गाडी जास्त खेचते. एका हद्दीपर्यंत. ती हद्द पेट्रोल ठरवतं.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा धीर. दाबाखाली ते किती वेळ गप्प बसतं, त्याचा आकडा. कमी धीराचं पेट्रोल ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यात स्वतःच फुटतं आणि वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यात हातोडी बसते. त्याचा आवाज असतो, पत्र्यावर बारीक वाळू सांडावी तसा. तो वेळेत ऐकला नाही तर पिस्टन वितळून सिलिंडरला चिकटतो, मागची चाकं जागच्या जागी बांधली जातात, आणि तेव्हा गाडी चढावर असेल तर ती चालवणाऱ्यावर उलटते.

आमच्या घरात चालवणारा दादा. ऐकणारी मी.

२३

मला तो आवाज आठ महिन्यांपासून ऐकू येत नाही. हे कुणालाही माहीत नाही.

२०

शेड घराला चिकटून आहे. शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली तेव्हा दादाने दोन्ही खिडक्यांत जुन्या गाद्या ठोकल्या. तेव्हापासून शटर खाली ओढायचं, मागची चाकं जमिनीतल्या रोलरवर चढवायची, रोलरला ब्रेक लावायचा, म्हणजे इंजिनाला चढ चढल्यासारखं वाटतं, आणि फुल थ्रॉटल. शेजारी खूश. आवाज बाहेर जात नाही. जाणार कुठे? आमच्यातच फिरतो.

ऐकायचं ते बाबांच्या लांब स्क्रूड्रायव्हरने. टोक सिलिंडरवर, लाकडी मूठ कानामागच्या हाडावर. हे बाबांनी सुरू केलं आणि बाबांचे कान गेले. आता ते ओठ बघून बोलणं समजून घेतात आणि स्वतः मात्र सभेत बोलल्यासारखे बोलतात. मी एकोणीस वर्षांची असताना त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. कानात कापूस घालायचा नाही, हा नियमही दिला. कापूस घातला तर ऐकणार काय, कपाळ?

शर्यतीच्या मैदानावर मला सगळे ‘कान’ म्हणतात. “ए, कानाला बोलवा रे.” दादा तर कुणी भेटलं की सुरूच होतो, “लोकांच्या भिंतींना कान असतात. आमच्या भिंतींना गाद्या आहेत, म्हणून बहीण ठेवलीय.”

ठेवलीय, असंच म्हणतो.

१८

आठ महिन्यांपूर्वी इंजिनाच्या कारखान्यात, तपासणी विभागात, मला नोकरी लागली. लागलीच होती. फक्त डॉक्टरी तपासणी उरली होती. फोन बूथएवढी काचेची खोली, आतून मऊ कापड लावलेलं, आमच्या गाद्यांसारखंच. आवाज आला की बटण दाबायचं. मी बोट बटणावर ठेवून बसले. वाट बघत होते.

तपासणाऱ्या बाईंनी दार उघडलं.

“सुरू करा ना,” मी म्हटलं.

“सुरू करून बराच वेळ झाला,” बाई म्हणाल्या.

जाड आवाज मला नीट येतात. माणसं ऐकू येतात, दारं, भांडी, इंजिनाची घरघर. वरचे, बारीक आवाज गेले. बाईंनी जाताना कापसाचे दोन बोळे हातावर ठेवले. “उरलंय ते तरी सांभाळा.”

घरी येऊन मी सांगितलं, नोकरी नाही घेतली. दादाची गाडी कोण बघणार?

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने ते सगळ्या गल्लीला सांगितलं.

१५

शनिवार, दुपार. शर्यत दुसऱ्या दिवशी. शटर खाली.

“शर्यतीचं पेट्रोल आलं नाही,” दादा म्हणाला. “पंपावरचं साधं टाकलंय. ठिणगीची वेळ ठरवणारी प्लेट चोवीसवरच आहे. ऐक.”

“साध्यावर चोवीस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“म्हणून तर म्हणतो, ऐक. वाजलं तर मागे घेऊ. नाही वाजलं तर उगाच खेच का सोडायची?”

त्याने थ्रॉटल पिळला. मी मूठ हाडावर टेकवली. दात थरथरले, छाती थरथरली. इंजिन गोड वाटत होतं. गेले आठ महिने प्रत्येक इंजिन गोड वाटतं.

“बंद कर. प्लग बघते.”

“प्लग कशाला? कान आहेत ना?”

“रंग बघते रे. पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा.”

माझी ही थाप आठ महिने चालली होती. ठिणगी पाडणारा तो प्लग काढून उजेडाकडे पाठ केली. पांढऱ्या चिनीमातीवर चांदीचे ठिपके होते, खसखशीहून बारीक. ती चांदी नव्हती. पिस्टनचं डोकं वितळून उडत होतं.

वळले तर बाबा समोर उभे. त्यांनी प्लगकडे बघितलं, मग माझ्याकडे. बाबा गप्प राहिले की घरात काहीतरी बिघडलेलं असतं.

“वाजतंय,” मी दादाला म्हटलं. “वाळू. स्पष्ट. वीसवर घे.”

“बघा!” दादाने फडकं हवेत उडवलं. “एवढ्या गोंगाटात! कारखानेवाल्यांनी हात चोळत बसावं. हिला मी मरेपर्यंत सोडत नाही.”

मी प्लेट वीसच्या रेघेवर आणली. प्रेमाने बोलला होता तो. शटर वर करताना मला दोनदा श्वास घ्यायला थांबावं लागलं.

१५, पुन्हा

खरं सांगितलं असतं तर? तर मी या घरात कोण? नोकरी सोडलेली बहीण नाही, कारण ती सोडलेलीच नाही. कान नाही. बाहेरचं दार ज्या कानांमुळे बंद झालं, त्यांच्याच खोट्या जोरावर आतली खोली टिकून होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मी सांगितलं नाही.

९

रविवारी सकाळी मैदानावर दादा उशिरा, हसत आला. सुरुवातीची रांग म्हणजे दोन्हीकडून टायर रचलेली अरुंद गल्ली. सगळ्या गाड्या आत आल्या की मागचं फाटक लागतं आणि शर्यत संपेपर्यंत उघडत नाही. पुढे निशाण, आणि लगेच उभा चढ.

आम्ही तिघे आत. फाटक लागलं.

“एक गंमत सांगू?” दादा हेल्मेटची पट्टी ओढत म्हणाला. “एकाकडे शर्यतीचं पेट्रोल मिळालं. त्याचा अर्धा डबा टाकलाय, अर्धं आपलं साधं. प्लेट परत चोवीसवर नेलीय मी.”

“कसलं पेट्रोल? डब्यावर आकडा होता?”

“नव्हता. चांगलं आहे म्हणाला.”

“आणि तू ऐकलंस?”

“मी कशाला ऐकू? ऐकणारी तू आहेस!”

६

रांगेत ऐकायची आमची पद्धत ठरलेली. मागचा ब्रेक घट्ट, क्लच अर्धा, थ्रॉटल, आणि तीसपर्यंत आकडे. मी अंगठा वर केला की दादा जातो. अंगठ्याशिवाय तो आजवर गेलेला नाही.

“प्लग काढून बघू दे.”

“निशाण वर जातंय, बाई! दोन मिनिटं नाहीत. ऐक!”

मी स्क्रूड्रायव्हर टेकवला.

३

एक. दोन. तीन. चार. गोड. नऊ. दहा. गोड आहे. तेरा. डावीकडे बाबा माझ्या तोंडाकडे बघताहेत. सतरा. अठरा. कदाचित पेट्रोल खरंच चांगलं असेल. कदाचित गोडच असेल. बावीस. चढ उभा आहे, वरून खाली गाडी अडवायला टायरही नाहीत. सव्वीस. माझा अंगठा जागचा हलत होता, सवयीने, माझा नसल्यासारखा. एकोणतीस.

०

दादाच्या मनगटाला लाल दोरी बांधलेली असते. दुसरं टोक हँडलवरच्या टोपणात. चालवणारा पडला की टोपण निघतं आणि इंजिन बंद होतं.

मी टोपण उपटलं.

निशाण पडलं. सगळे गेले. धूळ आमच्यावर.

०, नंतर

“वेड लागलं का तुला? आण ते इकडे! आण!”

“दादा, मला वाळू ऐकू येत नाही.”

“म्हणजे वाजत नव्हतं ना? मग उपटलंस कशाला?”

“वाजत होतं की नाही तेच मला कळत नाही. आठ महिने झाले. बारीक आवाज येतच नाहीत. कारखान्याने त्याच कारणाने घेतलं नाही. मी नोकरी सोडली नव्हती.”

त्याने हेल्मेट काढलं. केस चिकटलेले, चेहरा अगदी लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचा तसा.

“आणि काल? काल तर म्हणालीस, स्पष्ट.”

“काल प्लग बघितला.”

“मी पण प्लगच बघायचो!” बाबा गरजले. निशाणवाला दचकून वळला. “अकरा वर्षं! तुला काय वाटलं, या कानांनी ऐकत होतो?”

“बाबा, हळू.”

“हळू म्हणजे केवढं, ते मला कुठे कळतंय?”

दादा टायरवर बसला. मी प्लग काढला. बाबांनी तो त्याच्या नाकासमोर धरला. ठिपके होते, कालपेक्षा जास्त. दादाने चढाकडे बघितलं, बराच वेळ. वर गाड्या मुंग्यांसारख्या दिसत होत्या.

“तुम्ही दोघं...” तो म्हणाला. उठून फाटकापर्यंत गेला. फाटकाला कुलूप. परत आला.

“अजून चाळीस मिनिटं,” मी म्हटलं.

“माहितीये.”

थोड्या वेळाने त्याने स्वतःच प्लग बसवला. टोपण माझ्या हातातून घेऊन जागेवर लावलं. “तू ब्रेक धर. थ्रॉटल दे. जरासाच.” इतकी वर्षं थ्रॉटलवर तो असायचा, डोक्यावर हेल्मेट. त्याने कधी ऐकलंच नव्हतं. आता त्याने मूठ कानामागे टेकवली, आधी चुकीच्या जागी, मग बाबांनी सरकवली.

मी थ्रॉटल पिळला. मला गोडच वाटलं.

दादाच्या भुवया गोळा झाल्या. त्याने झटकन हात वर केला. मी बंद केलं.

“चर्रर्र असं? पत्र्यावर...”

“वाळू.”

“हो. वाळू.” तो स्क्रूड्रायव्हरकडे बघत राहिला. “असा असतो होय तो.” मग एकदम उत्सुकतेने, “परत दे. परत एकदा ऐकू दे.”

मी थ्रॉटलवरचा हात काढून घेतला. खिशात कापसाचे ते दोन बोळे होते, आठ महिने मळलेले. ते त्याच्या तळहातावर ठेवले.

“ऐकणं पुरे आता,” मी म्हटलं. “आधी प्लेट वीसवर घे. मग हे घाल.”

“मग ऐकायचं कुणी?”

बाबांनी प्लगकडे बोट दाखवलं.

फाटक अजून बंद होतं.