एबीएसचा पिवळा दिवा

मालोजीराव गाडीखालून उठले ते तणतणतच. एबीएसचा पिवळा दिवा विझलेला होता, आणि त्याचाच त्यांना संताप आला होता. मेला, एकदाचा लागून तरी राहावा! बंगळूरजवळच्या येलहंक्याच्या त्यांच्या गॅरेजात गाडी आणून चावी फिरवली की साळसूदासारखा गप्प, आणि बोम्मसंद्र्याच्या वाटेवर एखादं वळण आलं की पुन्हा हजर. तो लागला की एबीएस बंद. मग जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊन गाडी घसरायची ती घसरणारच.

गाडी परदेशी, एका कारखान्याचे मॅनेजर श्रीरंग यांची. संध्याकाळपर्यंत दोष सापडला नाही तर ती मद्रासच्या गॅरेजला जाईल, आणि कारखान्याच्या बाकीच्या गाड्याही तिच्यामागून, असं त्यांनी स्पष्टच बजावलं होतं. त्या गाड्या आपल्याकडेच येणार म्हणून मालोजीरावांनी सगळ्या भावकीत सांगून ठेवलं होतं.

फ्यूज पाहून झाला, रिले बदलून झाला. गाडी जॅकवर चढवून, चाकं सरळ ठेवून, प्रत्येक चाकाच्या सेन्सरची वायर तपासली. मीटर म्हणे सगळं ठीक. मीटरलाही चार शिव्या हासडून झाल्या. शेवटी हात टेकून ते जॅक काढायला वाकले.

तेवढ्यात त्यांची बायको सोयराबाई लिंबू-मिरची घेऊन आल्या. दुरुस्त होऊन निघणाऱ्या प्रत्येक गाडीला त्या दृष्ट लागू नये म्हणून लिंबू बांधत. पुढच्या डाव्या चाकाशी बसून त्यांनी सरळ आत हात घातला.

"तिथं काय करतीस?"

"बांधाय नको? ह्या गाडीच्या बंपरला बांधाय जागाच नाही. ती तेल बदलाय आली तवाच आतल्या काळ्या दोरीला तार आवळलीय. लिंबू पडतंय, तार राहतीय."

मालोजीराव चटकन चाकाशी बसले. त्यांनी त्या वायरीला पुन्हा मीटर लावला.

"गाडीत बसून स्टिअरिंग फिरव. स्वल्प डावीकडं!"

चाक वळलं, चिखलानं माखलेल्या तारेत अडकलेली वायर ताणली गेली आणि मीटरचा काटा धाडकन पडला. चाक सरळ केलं, काटा परत जागेवर.

"अगं, दोरी कसली? सेन्सरची वायर ही! मी इथं डोकं फोडून घेतोय आणि तू..."

सोयराबाईंचे डोळे भरले. "बरं व्हावं म्हणूनच बांधलं की."

ते पाहून मालोजीरावांना वाईट वाटलं, पण राग काही जाईना. मुकाट्यानं तार कापून त्यांनी वायर जोडली.

श्रीरंग आले, लांबवर चक्कर मारून परतले. दिवा लागला नव्हता.

"काय होतं हो?"

दुसऱ्या कुणाच्या माथी मारता आलं असतं. "आमच्याच हातचं, साहेब. लिंबू बांधताना वायर आवळली." गेल्या त्या गाड्या, असं मालोजीरावांच्या मनानं घेतलं.

श्रीरंगांनी चावी खिशात टाकली. "सोमवारी दुसरी गाडी पाठवतो," ते म्हणाले. मग जरा घुटमळले. "पण आज लिंबू नाही बांधलंत? घरी आई विचारते."

सोयराबाई नवऱ्याकडे पाहू लागल्या. मालोजीरावांनी दात-ओठ खाल्ले.

"सरी, बरं, बांध," ते गुरगुरले. "पण माझ्या डोळ्यांदेखत."