चाक धरून ठेवणारा

मित्रांनो, तुम्ही मला बहुधा कधी पाहिले नसेल. मी एक जुना बॉल जॉइंट आहे. पोलादी वाटीत बसवलेला गोळा आणि त्याला जोडलेला दांडा, एवढेच माझे शरीर. जीपच्या पुढच्या चाकाला धरून ठेवणे हे माझे काम. चाक वळले की मी वळायचो, खड्ड्यात उतरले की झुकायचो, पण त्याला सोडायचो नाही.

आमची जीप हेदवीच्या चारुदत्तकाकांची. आंब्याच्या पेट्या, खताच्या गोणी, लग्नाची वऱ्हाडे, सगळे तिने वाहिले. तिची दुरुस्ती काका घरापुढच्या खळ्यातच, म्हणजे अंगणातच करायचे. मला ग्रीस भरताना ते गुणगुणत आणि माझे रबरी टोपण फाटले नाही ना, हे बोटांनी चाचपून पाहत.

मग काकांच्या किडन्या निकामी झाल्या. डायलिसिससाठी त्यांना सारखे चिपळूणला न्यावे लागे. त्यांची बायको सुमेधाकाकू शाळेतली नोकरी सांभाळून जीप चालवू लागल्या. माझ्याकडे पाहायला मात्र कोणी उरले नाही. टोपण फाटले, जांभ्याची लाल माती आत शिरली, आणि माझा गोळा वाटीत डुगडुगू लागला. प्रत्येक खड्ड्यात मी टकटक करी. मला भीती एकच वाटे. मी निसटलो, तर चाक आडवे होईल आणि ही दोघे कुठे जाऊन आपटतील?

एकदा गावात शिरताना काकांनी कान टवकारले. "बॉल जॉइंट गेलाय गो. हळू चालव."

घरी आल्यावर कळले की मेकॅनिक मुंबईला गेलाय. परवा पुन्हा डायलिसिस. एसटीचे धक्के काकांना सोसत नसत.

"विकून टाक ही जीप," काका म्हणाले. "माझ्या हातात पाना धरायचं बळ नाही राहिलं."

"बळ माझ्या हातात आहे हो. तुम्ही नुसतं सांगा."

शेजारच्या अनिलने गुहागरहून दोन्ही बाजूंचे नवे जॉइंट आणून दिले. सकाळी काका खळ्यात खुर्ची टाकून बसले. काकूंनी जॅकने जीप उचलली, चाक काढले आणि हातोडा घेऊन वाकल्या.

"मागे हो!" काका ओरडले. "आधी चासीखाली स्टँड लाव. नुसत्या जॅकवर भरवसा नाही."

काकूंनी स्टँड लावला. मी गंजून घट्ट बसलो होतो.

"दांड्यावर मारू नको. तो ज्या भोकात बसलाय, त्या भोकाच्या बाहेरच्या अंगावर मार."

काकूंनी जोरात घाव घातला, आणि जॅक सरकला. जीप धप्पकन स्टँडवर टेकली. काकूंचा हात आतच होता. त्याला साधे खरचटलेही नाही. काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"राहू दे गो," ते कसेबसे म्हणाले.

"आता नाही राहायचं. पुढचं सांगा."

काकूंनी जॅक चाक पेलणाऱ्या खालच्या लोखंडी आर्मला टेकवला आणि पुन्हा घाव घातले. मी सुटलो. इतकी वर्षे धरलेले चाक सोडताना वाईट वाटले, पण जीवही हलका झाला. माझ्या जागी नवा जॉइंट बसला. काकूंनी नट आवळला. तेव्हा काका खुर्चीतून उठले आणि हळूहळू खाली बसले.

"पिन मी घालतो. तिला बळ लागत नाही."

त्यांनी नटाच्या खाचेतून पिन ओवली आणि नट सुटू नये म्हणून तिची टोके वाकवली. काकूंनी काळ्या हातांनीच डोळे पुसले. दुपारनंतर दुसऱ्या बाजूचा माझा जोडीदारही असाच उतरला. वाटेत चाके सरळ रेषेत आणणारे अलाइनमेंट करून जीप ठरल्या दिवशी चिपळूणला पोचली.

आता मी पडवीतल्या पत्र्याच्या डब्यात आहे, उद्या भंगारात जाईन. मित्रांनो, तुमच्या घरची गाडी कण्हू लागली, तर गाणी मोठी करून तिचा आवाज झाकू नका. उतरा, वाकून बघा. आणि घरातले कोणी थकून खुर्चीला टेकले असेल, तर त्याच्याही हाती एखादे काम द्या.