बंद घरातला दिवा

वादळ होऊन तीन दिवस झाले तरी आमच्या वाडीत लाईट आली नव्हती. चौथ्या सकाळी लाईनमन सुदेश खांद्यावर शिडी घेऊन आमच्या कुंपणाच्या बेड्यासमोरून, फाटकासमोरून, गेला. वळणापलीकडे माड पडून तार तुटली होती, ती जोडायला.

"काकी, बारा वाजापर्यंत येतली बघा लाईट," तो जाता जाता म्हणाला. "ट्रान्सफॉर्मरवरून बंद करून इलंय. वायच कळ काढा."

मला कळ काढायचं कारण नव्हतं, माझ्या घरात पंखा चालू होता. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने, आकांक्षाने, छपरावर सोलर बसवून दिला, सोबत बॅटरी. दिवसा उरलेली वीज तारेतून बाहेर जाते. सोलर बसवणाऱ्या माणसाने मला एक गोष्ट तीनदा समजावली होती. बाहेरची लाईट गेली की हे मशीन आपणहून तारेपासून तुटतं. वीज घरातल्या घरात राहते, खांबावर जात नाही. गेली तर खांबावरचा माणूस मरेल.

मी मान डोलावली होती. मला ते समजलंही होतं.

पण शेजारी नसीबा राहते. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा वाडीत विजेचे खांब नव्हते. काडेपेटी जपून वापरायची वस्तू होती. सकाळी ज्या घरची चूल आधी पेटेल तिथून बाकीच्यांनी करवंटीत दोन निखारे न्यायचे. नसीबाची सासू, आरिफाचाची, डोक्यावरचा पदर एका हाताने धरून आणि दुसऱ्या हातात करवंटी घेऊन आमच्या मागच्या दारी यायची. वाऱ्याने राख उडू नये म्हणून करवंटीवर फणसाचं पान असायचं. आमची चूल विझलेली असली की मी त्यांच्याकडे जायची. देणाऱ्याने कधी नाही म्हटलं नाही आणि घेणाऱ्याला कधी संकोच वाटला नाही.

म्हणून वादळाच्या दुसऱ्या दिवशी नसीबा दारात येऊन म्हणाली, "वयनी, माजा इन्सुलिन फ्रिजात आसा, फ्रिज गरम पडलो," तेव्हा मी विचार करायला थांबले नाही. तिचा भाचा जुबेर बोटींच्या इंजिनांची कामं करतो. त्याने एक लांब वायर घेतली, दोन्ही टोकांना पिना लावल्या, एक माझ्या पडवीतल्या प्लगात घातली आणि दुसरी नसीबाच्या. तिचं सगळं घर चालू झालं.

"खाला, मेन पाडलंय. ती वर करूची नाय," घर खांबावरच्या तारेपासून तोडणारा खटका दाखवत त्याने तिला बजावलं आणि तो कणकवलीला गेला.

सुदेश गेल्यावर अर्ध्या तासाने मी घरासमोरच्या खळ्यात उभी राहून भिजलेल्या गोधड्या दोरीवर टाकत होते. सहज पलीकडे बघितलं तर धनेशच्या पडवीत दिवा पेटलेला.

धनेश मुंबईला असतो. गणपती करून गेला तेव्हा घराला कुलूप घातलं आणि पडवीतला दिवा तसाच चालू ठेवून गेला. वादळापर्यंत तो दिवसरात्र जळत होता. तो पेटलेला बघून आधी मला आनंदच झाला. लाईट आली.

मग हातातली गोधडी हातातच राहिली. लाईट सुदेशने स्वतः बंद केली होती. तार अजून जोडायची होती. बंद घरात माणूस नाही, सोलर नाही. मग हा दिवा कोणाच्या विजेवर जळतोय?

माझ्या. माझ्या पडवीतून नसीबाच्या घरात, नसीबाच्या घरातून खांबावर, खांबावरून धनेशच्या पडवीत. आणि त्याच तारेच्या तुटलेल्या टोकाशी सुदेश.

मी पडवीत कशी पोचले ते आठवत नाही. पीन ओढून काढली. धनेशचा दिवा विझला. पण तो विझला म्हणून मला बरं वाटेना. तो किती वेळ जळत होता?

"नसीबा, मेन वर केलंस काय गो?"

ती दारात आली. "सकाळी केलंय. खाली असली तर लाईट इलेली कळतली कशी?"

तिला काही सांगावं लागलं नाही. माझा चेहरा बघूनच ती मागोमाग निघाली. माझे गुडघे दोन वर्षांपासून पायरीसुद्धा नीट उतरत नाहीत, त्या दिवशी मी अनवाणी वळणापलीकडे चालत गेले. पुढून हाक नाही, हातोडीचा आवाज नाही. खांबाला शिडी लावलेली होती. शिडीवर कोणी नव्हतं.

सुदेश खाली बसला होता, खांबाला पाठ टेकून.

नसीबाने तोंडावर हात धरला. मी त्याचं नाव घेतलं.

त्याने मान वर केली. "काकी, तारेच्या जवळ येव नकात. करंट आसा तिच्यात."

मी नसीबाला हाताला धरून मागे ओढलं.

तार पायवाटेवर पडली होती. सुदेशने जोडणीआधी लांब काठीचा टेस्टर लावला, तर लाल दिवा लागला. ऑफिसला फोन लागेना. वाट सोडून जावं तर शाळेतली पोरं तिथूनच येणार. म्हणून तो राखण करत बसला होता.

"आता बघ," मी म्हटलं. "पीन काढलंय मी."

त्याने पुन्हा काठी लावली. दिवा लागला नाही. मग मी सगळं सांगितलं, वायर, दोन पिना, मेन.

"काकी, तुमका लाईट तयार करूची परवानगी मिळाली," तो म्हणाला. "लाईनमन मारूची नाय."

"चूक माजी," नसीबा म्हणाली.

"खाला, इन्सुलिनची बाटली काकींच्या फ्रिजात ठेवूक काय झालेला?"

खरंच, दोन दिवसांत हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. आम्हाला निखारे देऊन घरोघरी चूल पेटवायची सवय, एका चुलीवर दोघींचं रांधायची नाही.

"आदी लाईट एकाच बाजून येय," सुदेश उठत म्हणाला. "थंय बंद केलंव की झाला. आता दर छपरावर पॉवरहाऊस. म्हणान मी सगळ्या तारांका चालूच समाजतंय."

त्याने जाड साखळीने तारा एकमेकींना बांधून जमिनीशी जोडल्या. चुकून कोणी वीज सोडलीच तर ती जमिनीत जाईल, म्हणाला. मग शिडीवर पाय ठेवला.

"तुमी घराक जावा."

"तुजा काम होऊ दे," मी म्हटलं.

नसीबाने माझा दंड धरला होता. वर सुदेशने तार ओढून पक्कडीने पीळ दिला, एकदा घाम पुसला, खालच्या माणसाला शब्द कळू नयेत इतकं हळू काहीतरी गुणगुणला. आम्ही दोघी मान वर करून उभ्या होतो. तो उतरायला लागला तशी नसीबा पायऱ्या मोजायला लागली. त्याचे दोन्ही पाय जमिनीला लागले, तेव्हा कुठे तिने माझा दंड सोडला. तिथे तिच्या बोटांचे वळ उठले होते.