नुकसानीचा रकाना

चार वाजता कॉम्प्युटर ऑफिसात परत जाणार होता. प्राचार्यांनी तो प्रयोगशाळेला एका आठवड्यापुरता दिला होता आणि तो आठवडा आज संपत होता. तलासरीच्या त्या ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मुक्ताने घड्याळ पाहिलं. तीन वाजून दहा.

ह्या डबड्याने तिच्या नाकी नऊ आणले होते. पहिल्या दिवशी आलेख काढण्यासाठी पायथन हे सॉफ्टवेअर टाकलं, तर ते इतकं नवं निघालं की म्हाताऱ्या विंडोजला झेपेना. जुनं शोधून टाकलं, तर त्याला लागणारी आकडेमोडीची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा जोडसंच, त्याच्याशी जुळेना. ती कशीबशी जुळली, तर आलेख काढणारी रुसली. मोबाइल खिडकीच्या गजाला टेकवला तरच नेट यायचं, आणि दिवसाचा डेटा एका डाउनलोडात संपायचा. रोज सकाळी मसोलीच्या घरून निघताना वाटायचं, आज होईल. रोज संध्याकाळी ती एररच्या लाल ओळी डोळ्यांत घेऊन घरी जायची. आता तर तिला चिडायचाही कंटाळा आला होता.

तरी ती चिकटून बसली होती, ती एका रजिस्टरपायी. दीड वर्ष तिच्या वर्गातली पोरं त्यात भूकंपाचा प्रत्येक धक्का लिहीत होती. तारीख, वेळ, पाडा, किती हादरलं, नुकसान. नुकसानीच्या रकान्यात कुठे ‘भिंतीला तडा’, कुठे ‘कौलं पडली’, बहुतेक ठिकाणी ‘नाही’. तीनशे सोळा नोंदी, आणि त्या लिहिणारी निम्मी पोरं घर पडायच्या भीतीने थंडीतसुद्धा अंगणात ताडपत्रीखाली झोपलेली. उद्या त्यांचा बारावीचा शेवटचा तास. त्यांनी लिहिलेल्या धक्क्यांचं चित्र त्यांच्या हातात द्यायचं, एवढंच मुक्ताला हवं होतं. पण ते फार हवं होतं.

आकडे टाइप करून झाले होते. आता शेवटची लायब्ररी उतरत होती. सत्तर टक्के. ब्याऐंशी.

तीन बावीसला जमीन गुरगुरली. कपाटातल्या परीक्षानळ्या किणकिणल्या. व्हरांड्यातली पोरं सवयीने, न ओरडता मैदानात उतरली. मुक्ता मात्र हलली नाही. एक्क्याण्णव टक्के! एवढ्याशा धक्क्याने काय होतंय, असं पोरांना कधीही म्हणू न देणारी ही बाई स्वतःशी तेच म्हणाली.

पडदा काळा झाला.

“मॅडम, पयलं भायेर या!” दारात शिपाई जिव्यामामा उभे होते. हात अजून दारालगतच्या मेन स्विचवर.

यूपीएसची बॅटरी तर केव्हाच मेली होती.

मैदानात आल्यावर मुक्ता त्यांच्यावर उसळली. “मामा, दोन मिनिटं थांबला असतात तर...”

“थांबून कसा चालंल? तुमीच सांगलेलं ना, जमीन हालली का पयला मेन पाडायचा.”

सांगितलं होतं. गेल्या वर्षी धक्क्यात वायर तुटून प्रयोगशाळेचं कपाट जळलं, तेव्हा तिनेच मामांना स्विचपाशी उभं करून शिकवलं होतं, दहादा पाडायला लावलं होतं.

वीज सुरू केली तेव्हा डाउनलोड शून्यावर होतं. मोबाइलने कळवलं, आजचा डेटा संपला. पावणेचारला ऑफिसचे रवींद्रभाऊ आले आणि वायरी काढू लागले. मुक्ताने अडवलं नाही. अडवून काय करणार होती? टेबलावर धुळीचा एक चौकोन उरला, त्याच्याकडे ती बघत बसली.

जिव्यामामांनी रजिस्टर उघडून तिच्यासमोर ठेवलं, वर पेन ठेवलं.

“तीन बावीस ना, मॅडम? लिवा.” चेहऱ्यावर नेमून दिलेलं काम चोख केल्याचं समाधान. “टायमावर मेन पाडला. नुकसान काय नाय ना झाला?”

मुक्ताने तीनशे सतरावी नोंद लिहिली. शेवटच्या रकान्याशी पेन थोडा वेळ थांबलं.

“नाही मामा,” ती म्हणाली, आणि तसंच लिहिलं.